तर्री खालून घाला, काका : बाहेर खाऊन वजन कसं सांभाळायचं

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "घरचं जेवण जमवतो रे, पण बाहेर गेलो की सगळं मुसळ केरात. त्याचं काय?" म्हणून आजचा एपिसोड फक्त त्यावर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना जिथे "अं… म्हणजे…" झालं तेवढं काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

आधी सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. बीटेक झालेला, वर्ध्यात घरून काम करणारा साधा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. दीड वर्षापूर्वी उंची १७२ सेंटिमीटर, वजन ८६ किलो, आणि एचबीए१सी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर. बाबांना बारा वर्षांपासून शुगर आहे. रिपोर्ट बघून आई काहीच बोलली नाही. रात्री फक्त म्हणाली, "तुझ्या वयात तुझ्या बाबांना काहीच नव्हतं." झोप उडवायला तेवढं पुरेसं होतं.

पहिली चूक : बाहेर जाणंच बंद

मी काय केलं? बाहेरचं शून्य. मित्रांसोबत शनिवारचा नागपूर रोडवरचा धाबा बंद. आणि रविवारी सकाळी बाबांसोबत टपरीवर तर्री पोहे खायला जायचो, तेही बंद. हे आमचं मी चौथीत असल्यापासूनचं. बाबा आणि मी तसे फार बोलत नाही. जे काही बोलतो ते तिथेच, प्लेट हातात घेऊन. दोन-तीन रविवार बाबा एकटे गेले. मग त्यांनीही जाणं सोडलं. कारण विचारलं तर म्हणाले, "एकट्यानं काय खायचं?"

सहा आठवडे टिकलो. मग एका लग्नात तुटून पडलो आणि पुढचे दोन महिने तसाच तुटलेला राहिलो. तेव्हा कळलं की शून्य हा आकडा टिकत नाही. बाहेर खाणं म्हणजे फक्त पोट भरणं नसतं, त्यात माणसं असतात. मग प्रश्न बदलला. बाहेर खायचं की नाही हा प्रश्न नाही. बाहेर खाल्ल्यावर नेमकं काय होतं, ते समजून घ्यायचं.

आठवड्याचा हिशोब

इंजिनिअर म्हटल्यावर एक्सेल शीट आलीच. समजा तुम्ही रोज शरीराच्या गरजेपेक्षा ४०० कॅलरी कमी खाताय. आठवड्याची बचत २८०० कॅलरी. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. म्हणजे आठवड्याला साधारण ३६० ग्रॅम कमी व्हायला पाहिजे.

आता माझा जुना शनिवार-रविवार बघा. हे सगळे आकडे अंदाजे आहेत, २०-२५ टक्के इकडेतिकडे धरा.

शनिवारी धाबा: मसाला पापड १००, पनीर मसाला अर्धी प्लेट ६००, तीन बटर रोट्या ५४०, थोडा जिरा राईस २५०, कोल्ड्रिंक १३०, गुलाबजाम १३०. एकूण १७५०. घरचं रात्रीचं जेवण माझं ६५० चं. म्हणजे जास्तीचे ११००.

रविवारी सकाळी: तर्री पोहे, एक आलुबोंडा, चहा. घरच्या नाश्त्यापेक्षा ५०० जास्त. रविवारी संध्याकाळी घरचे सगळे मिळून पावभाजी आणि कुल्फी: ९०० जास्त.

झाले २५००. बचत होती २८००. उरले ३००. भागिले ७७००, म्हणजे ४० ग्रॅमसुद्धा नाही. पाच दिवस मन मारून जे कमावलं ते तीन वेळच्या खाण्यात गेलं. "मी तर काहीच खात नाही, तरी वजन उतरत नाही" असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. तो सोमवार ते शुक्रवारचं सांगत असतो.

सोमवारचा काटा खोटं बोलतो

आणि इथेच बहुतेक लोक हार मानतात. शनिवारी धाबा, सोमवारी वजन दीड किलो वाढलेलं. माणूस म्हणतो, जाऊ दे, सगळं गेलं.

पण गणित करा. दीड किलो चरबी वाढायला जवळपास ११,५०० कॅलरी जास्तीच्या लागतील. एवढं एका रात्रीत कोणी खाऊ शकत नाही. मग वजन कसलं? बहुतेक पाणी. बाहेरच्या जेवणात मीठ जास्त असतं, ते शरीरात पाणी धरून ठेवतं. पोळी-भातातली साखर ग्लायकोजेन म्हणून साठते, आणि प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. शिवाय जे खाल्लं ते अजून पोटातच आहे. दोन-तीन दिवसांत हे उतरतं.

म्हणून एका दिवसाचा आकडा बघायचाच नाही. मी रोज सकाळी वजन लिहितो आणि सात दिवसांची सरासरी काढतो. मागच्या आठवड्याची सरासरी आणि या आठवड्याची सरासरी, एवढीच तुलना. रोजच्या आकड्याने ज्यांना टेन्शन येतं त्यांनी पंधरा दिवसांतून एकदा कंबर मोजावी. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही धोक्याची रेषा मानली जाते.

कंबर का, तर आपल्या लोकांचं वजन फसवं असतं. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला दोघंही सडपातळ. म्हणून भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा अशी कमी मर्यादा धरतात. माझा तेव्हाचा बीएमआय होता २९.

तर्रीचा प्रयोग

आता मुख्य गोष्ट, तेल. एक ग्रॅम पिठूळ पदार्थ किंवा प्रोटीन म्हणजे ४ कॅलरी, एक ग्रॅम चरबी म्हणजे ९. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली तेल, जवळपास १२० कॅलरी. आणि तेल पोट भरत नाही. दोन चमचे तेल जास्त गेलं तरी पोटाला पत्ता लागत नाही.

पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांसाठी सांगतो. आमच्या विदर्भात पोहे कोरडे खात नाहीत. वरून चण्याचा झणझणीत रस्सा घालतात, त्यावर लाल तेलाचा थर असतो, तीच तर्री. मी एकदा शंभर मिली तर्री पार्सल आणली, उभट काचेच्या ग्लासात ओतली आणि अर्धा तास हात लावला नाही. तेल वर आलं. आईच्या औषधाच्या सिरिंजने ते काढून मोजलं, २४ मिली! म्हणजे दोनशे कॅलरी फक्त वरच्या थरात. आईने आधी सिरिंजवरून ओरडून घेतलं, मग ग्लास बघून म्हणाली, "एवढ्या तेलात तर मी तिघांची भाजी करते."

एक प्लेट अशी पडते: पोहे १७५, पोह्यांच्या फोडणीचं तेल ८५, चणे ६०, तर्रीतलं तेल १६५, वरची शेव ८०. एकूण ५६५. नीट बघा, पोहे बिचारे निर्दोष आहेत. निम्म्याहून जास्त कॅलरी तेल आणि शेवेच्या आहेत. आणि "काका, अजून थोडी मारा" म्हटलं की पुन्हा शंभर-दीडशे. ती फुकट असते ना, म्हणून हिशोबात धरतच नाही कोणी.

उपाय साधा निघाला. तेल वर तरंगतं, मग डाव वरून नाही, तळातून मारायचा. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा टपरीवाले काका बघतच राहिले.

"काऊन बे, तर्री कमी सांगून राहिला? पोटबिट बिघडलं का?"

"नाही काका, खालून घाला. चणे जास्त, तेल कमी. अन् शेव नको."

"मंग चव काय राहीन त्याले?"

काकांचा मुद्दा बरोबर होता. मिरचीचा तिखटपणा आणि मसाल्याचा वास तेलात विरघळतो, म्हणून खरी चव तर्रीतच असते. पण म्हणूनच थोडी तर्रीसुद्धा पुरते. तळातला रस्सा, वरून एक छोटा चमचा तर्री, भरपूर सांबार, लिंबू आणि कांदा. (सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं नव्हे!) तीच प्लेट ३६० वर आली. आलुबोंडा आम्ही दोघांत एक घेतो. आता काका मला बघून विचारत नाहीत, डाव आपोआप तळाला जातो.

हॉटेलच्या किचनमध्ये काय चालतं

मेनूत पन्नास भाज्या असल्या तरी बहुतेक हॉटेलांत सकाळीच दोन-तीन ग्रेव्ह्या करून ठेवतात. कांदा-टोमॅटोची लाल किंवा पिवळी, आणि काजू-मगजची पांढरी. ऑर्डर आली की तीच ग्रेव्ही पुन्हा तेलात किंवा बटरमध्ये परततात, वरून क्रीम. म्हणजे तेल दोनदा पडतं. नाव "व्हेज" असलं म्हणून हलकं असेल असं नाही. मलई कोफ्त्यात कोफ्ता तळलेला, ग्रेव्ही पांढरी, वर क्रीम. त्यापेक्षा तंदुरी चिकन कितीतरी हलकं.

म्हणून मी पदार्थाचं नाव बघत नाही, तो कसा बनतो ते बघतो:

- तंदूर, तवा, भाजलेलं, उकडलेलं: बिनधास्त.
- डाळ, लाल रस्सा: चालेल, तडका कमी सांगायचा.
- पांढरी ग्रेव्ही, तळलेलं, "बटर" नाव असलेलं काहीही: टेबलावर एकच, सगळ्यांत वाटून.
- पिण्यातली साखर: नाही. ताक किंवा पाणी.

पाटोडी रस्सा, सावजी हे आपले जीव की प्राण पदार्थ. ते सोडायला मी सांगणार नाही. सावजी खायचं तर वाटी थोडी तिरपी करून तर्री बाजूला येऊ द्यायची आणि खालचा रस्सा पोळीसोबत घ्यायचा. रस्सा प्यायचा नाही.

साखळी हॉटेलांसाठी एक सोय आहे. एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनुसार दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांनी मेनूवर कॅलरी छापायच्या असतात. नागपूरच्या मॉलमध्ये गेलात तर बोर्डावर बघा. आर्वी नाक्यावरच्या टपरीला हा नियम लागू नाही, तिथे आपली नजर हाच काटा.

आणि दारूचं म्हणाल, तर वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे कागदोपत्री आपल्या कॅलरी तिथे वाचतात! बाहेरगावच्या मंडळींसाठी एवढंच: दारूच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी, आणि सोबतचा चखणा वेगळा मोजायचा.

ठरवायचं कधी? घरून निघताना

वजनाच्या गोष्टीत वर्धेकर असून गांधीजींचं नाव घेतलं नाही असं कसं होईल? सेवाग्राम इथून हाकेच्या अंतरावर. पण मी उपवासाचं बोलत नाहीये. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी दोन व्रतं घेतली: भारतात असताना चोवीस तासांत पाचपेक्षा जास्त पदार्थ खायचे नाहीत, आणि अंधार पडल्यावर जेवायचं नाही. कारण मजेशीर आहे. ते गावोगाव फिरायचे आणि यजमान त्यांच्यासाठी ढीगभर पदार्थ करायचे. कलकत्त्याला तर घरातल्या बायका रात्रभर जागून सुक्यामेव्याची सालं काढत बसल्या, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलंय. म्हणजे "बाहेर खाताना काय करायचं" हाच त्यांचा प्रश्न होता.

पाच पदार्थांचं व्रत आपल्याला झेपणार नाही, आणि गरजही नाही. त्यातली युक्ती मात्र घेण्यासारखी आहे. नियम आधीच ठरलेला होता, ताट समोर आल्यावर ठरवायचा नव्हता. भूक लागलेली, वास येतोय, मित्र आग्रह करताहेत, अशा वेळी आपली बुद्धी जागेवर नसते. मी घरून निघतानाच फोनमध्ये लिहितो: दोन साध्या तंदुरी रोट्या, दाल अर्धी, पनीर टिक्का अर्धा, सॅलड, ताक. साधारण ७८० कॅलरी. तिथे पोचल्यावर मेनू उघडतच नाही. मित्र मलई कोफ्ता मागवतात, मी एक घास चाखतो, विषय संपला.

कोणी विचारेल, दीक्षित की दिवेकर? दिवसातून दोनदाच खायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं? महाराष्ट्रात यावर घराघरांत भांडणं झाली आहेत. माझं मत एवढंच की दोन्हीतलं जे तुम्हाला वर्षभर झेपेल ते करा, पण धाब्यावरचे ११०० दोन्हीकडे ११००च असतात.

आता महत्त्वाचं : माझी चूक, बाबांचा त्रास

हा भाग वगळू नका. मध्यंतरी मी एक "हॅक" शोधला होता. रात्री बाहेर जायचं असेल तर दुपारी फक्त ताक आणि काकडी, कॅलरी "वाचवून" ठेवायच्या. घरात मोठ्या तोऱ्यात सांगितलं. एका शनिवारी आम्ही सगळे जेवायला बाहेर गेलो. गर्दी होती, ऑर्डरला पाऊण तास लागला. बाबा गप्प झाले. मला वाटलं, कंटाळले असतील. मग बघितलं तर कपाळावर घाम, हात थरथरताहेत, ग्लास नीट धरता येईना.

बाबांनी माझं ऐकून दुपारचं जेवण टाळलं होतं. गोळी मात्र नेहमीसारखी घेतली होती.

आईला कळलं लगेच. तिने टेबलावरची साखर तीन चमचे पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी थरथर थांबली. मग त्यांना लगेच पोळी-भाजी खायला घातली. मी तिथे बसून होतो आणि माझ्या एक्सेल शीटची मला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं. शुगरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न असो-नसो, साखर खाली आणतातच. अशा माणसाने जेवण टाळलं किंवा लांबवलं तर साखर धोकादायक पातळीवर जाऊ शकते. ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन छोटे चमचे, लगेच द्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, गरज पडली तर पुन्हा द्यायची. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

म्हणून ऐका: घरात कोणी शुगरचं औषध घेत असेल तर माझा आहार त्यांच्यावर चालवू नका. त्यांचं दुपारचं जेवण वेळेवर, बाहेर जाताना खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी, आणि बदल करायचा तर डॉक्टरांना विचारून. आणि माझ्यासारख्यांनीही दुपारी उपाशी राहू नये. मी शीट परत बघितली. ज्या दिवशी दुपारी उपाशी होतो त्या रात्री धाब्यावर ठरवल्यापेक्षा जास्तच खाल्लं होतं. आता निघण्याआधी मूठभर फुटाणे किंवा एक उकडलेलं अंडं खातो.

मग शेवटी काय झालं?

नवीन हिशोब असा: शनिवारचे जास्तीचे ११०० आले १३० वर. रविवारचे पोहे ५०० वरून १९० वर. पावभाजी-कुल्फी दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा. शीट म्हणत होती की आठवड्याला तीनशे ग्रॅम उतरतील, म्हणजे अकरा महिन्यांत चौदा-पंधरा किलो. उतरले साडेआठ. का? कारण वजन कमी झालं की शरीराची गरजही कमी होते, मोजण्यात चुका होतात, आणि मधे दिवाळी, दोन लग्नं, आणि एक पाव किलो गोरस पाक आला. तो कोणी किती खाल्ला यावर घरात अजून एकमत नाही.

आज वजन ७७.५, एचबीए१सी ५.६. बीएमआय अजून २६, म्हणजे काम बाकी आहे. पण बाहेर खाणं एकदाही बंद केलं नाही.

बाबांच्या डॉक्टरांनी त्यांना रविवारच्या पोह्यांची परवानगी दिली आहे. अर्धी प्लेट, चणे जास्त, गोळी-जेवणाच्या वेळा सांभाळून. मागच्या रविवारी काकांनी दोघांच्या प्लेटा पुढे केल्या, दोन्हींत डाव तळातून मारलेला. बाबा म्हणाले, "चव थोडी कमीच आहे." आणि मग निवृत्तीनंतर त्यांना काय करायचंय ते सांगायला लागले. चहा गार झाला.

पुढच्या एपिसोडमध्ये लग्नाच्या पंगतीतला आग्रह कसा परतवायचा ते बघू. तुमच्या गावच्या टपरीवर काय मिळतं आणि तुम्ही त्यात काय बदल केला, ते नक्की कळवा. तोपर्यंत नीट खा, आणि कोणाच्या तरी सोबत खा. भेटूया!